वरची माती वेगळी ठेवा

फोन आला तेव्हा मी जवसाची चटणी कुटत होते. अरुणभाऊजींसाठीच. माझ्या या धाकट्या दिराचा जबडा वाकडा जुळला होता, धड चावता येत नसे, म्हणून आमच्या घरी सगळं खलबत्त्यात बारीक व्हायचं. हॉस्पिटलमधून श्रीकांत, माझा नवरा, म्हणाला, "राहू दे आता ते कुटणं. अरुण गेला." मी बत्ता खाली ठेवला नाही. चटणीचं पार पीठ होईपर्यंत कुटत राहिले. आवाज ऐकून शेजारच्या बाई दाराशी आल्या आणि तशाच परत गेल्या.

मी शनिवार पेठेतली. लग्नाआधी मला कोळसा म्हणजे इस्त्रीवाल्याकडचा, एवढंच ठाऊक. सासर चंद्रपूरकडचं. श्रीकांतने कॉम्प्युटरची नोकरी धरली आणि आम्ही पुण्यात राहिलो. भाऊजी तिकडे कोळशाच्या खुल्या खाणीत अधिकारी झाले. काम काय, तर माती सांभाळणं! खोदकामाआधी जमिनीचा वरचा काळा थर काढायचा, त्याचा ठेंगणा ढीग वेगळा रचायचा, त्यावर ताग पेरायचा, म्हणजे माती जिवंत राहते. कोळसा संपला की खड्ड्यात आधी दगड आणि मुरूम, आणि ती माती सगळ्यात शेवटी, वर. शेजारच्या नाल्यात खाणीचा एकही दगड जाऊ द्यायचा नाही, कारण खालच्या गावाची गुरं आणि शेतं त्याच नाल्यावर. "म्हणजे कुंडी भरायची, एवढंच ना?" मी एकदा विचारलं. "हाव जी वहिनी," ते म्हणाले, "फक्त कुंडी गावाएवढी आहे."

गेल्यावर माणसं गोड होतात, म्हणून आताच सांगते, भाऊजी गोड नव्हते. रागीट, शिवराळ. भाजीत मीठ कमी पडलं तर काही म्हणायचे नाहीत, पण कुणी खडकवासल्याच्या पाण्यात निर्माल्याची पिशवी टाकताना दिसला की त्याची गचांडी धरायचे. त्यांच्याबरोबर सहलीला जायचं म्हणजे पाण्याकाठी कुणी पिशवीवाला नाही ना, हे मी आधी बघून घ्यायचे.

आमच्या निहारच्या बारशाला ते पुण्याला आले होते. तेव्हा त्या खाणीतलं काम नुकतंच कंत्राटावर गेलं होतं. तपासणी तोंडावर आली होती आणि कंत्राटदाराला खड्डा भरलेला दाखवायचा होता. भाऊजींचा मातीचा ढीग खड्ड्याच्या अगदी काठाशी. जे जवळ ते आधी, असं म्हणून त्याने आधी माती आत ढकलली आणि वरून दगड ओतले. उरलेले दगड नाल्यात. अख्खा खड्डा उलटा भरला! तागासकट माती तळाशी गेली.

पुढचं मला त्यांच्या जीपच्या ड्रायव्हरने, महादेवने, सांगितलं. परतल्या परतल्या भाऊजी खड्ड्यावर गेले. कंत्राटदार म्हणाला, "माती माती काय लावलं बे साहेब? खड्डा भरला ना?" भाऊजींनी पडलेलं फावडं उचललं आणि दांडा त्याच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज महादेवला जीपमध्ये ऐकू आला. मग कंत्राटदाराची माणसं तुटून पडली. पहारीने जबडा फोडला, नाल्यातल्या दगडांवर पाडून लाथा घातल्या, केस धरून डोकं वर केलं आणि तोंडात मुरूम कोंबला. "खाय बे आता तुही माती!"

त्यांना पुण्याला आणलं तेव्हा जबडा तारांनी बांधलेला होता, एक डोळा सुजून बंद. मी नळीने पेज भरवायचे आणि मनातल्या मनात त्या माणसांचे हात तोडायचे. तक्रार झाली होती, महादेव साक्ष द्यायला तयार होता. मला ते सगळे तुरुंगात हवे होते. मग एक दिवस गळ्यात हात बांधलेला कंत्राटदारच तडजोडीला घरी आला. आम्ही पुणेकर पाणी विचारत नाही म्हणतात. त्या दिवशी मी ते मुद्दाम विचारलं नाही. भाऊजी तारांमधून बोलले, "केस मागे घेतो. नाला मोकळा कर. माती वर काढ."

"अहो भाऊजी, तुमचं तोंड फोडलंय त्यांनी!" मी किंचाळले.

"जबडा जुळते, वहिनी. माती नाही जुळत."

खड्डा पुन्हा उकरला गेला. नाला मोकळा झाला, गावाचं पाणी वाचलं. माती मात्र निम्मीच निघाली, तीही मुरूम मिसळलेली. मारणारे मोकळे सुटले... त्याबद्दल मी भाऊजींना कधी माफ केलं नाही आणि त्यांनी माफी मागितलीही नाही. पुढे आम्हाला त्यांनी ती जागा दाखवली. निम्म्या भागात करंजाची दाट झाडं, निम्म्यात नुसता दगड. ते झाडांकडे पाठ करून दगडाकडे बघत उभे राहिले.

निवृत्तीनंतर ते आमच्याकडेच राहायचे. ते गेल्यावर एक नातलग म्हणाले, "रक्षा खडकवासल्याला सोडू." मी म्हटलं, "सोडा. वरून येऊन तुमची गचांडी धरतील." शेवटी सोसायटीच्या बागेत खड्डा खणून करंजाचं रोप लावायचं ठरलं. बारशातला निहार आता हिंजवडीला नोकरीला जातो. खणायला तोच होता. मी आधीच बजावलं होतं, वरची माती वेगळी ठेव. ठेवलीही त्याने. रक्षा ठेवली, रोप धरलं आणि त्याने हाताशी असलेला काळा ढीग आधी आत ओढला.

मला पुढचं नीट आठवत नाही. त्याच्या हातातून फावडं हिसकावलं आणि दांडा उगारला, हे लोकांनी नंतर सांगितलं. "आई!" एवढंच मला ऐकू आलं. पोटच्या मुलाच्या डोळ्यांत माझी भीती दिसली. श्रीकांत गुडघ्यावर बसला आणि खड्ड्यातली माती ओंजळीने बाहेर काढायला लागला. निहारही बसला. काही माती रक्षेत मिसळून आतच राहिली.

परवा पुन्हा जवसाची चटणी केली. खलबत्ता ओट्यावर त्याच जागी आहे. सवयीने पार पीठ होईपर्यंत कुटली. निहार ताटावर बसत म्हणाला, "आई, आता जाडसर चालेल गं."

खरंच आहे. आमच्या घरात आता सगळ्यांचे जबडे शाबूत आहेत.