डबा तापला कशानं?

नागपूरकडच्या खापा गावाजवळच्या संत्रा-रोपवाटिकेतला एक मजूर, आणीबाणी उठली त्या वर्षी, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, ठाण्यातली सकाळची हजेरी संपताच चोर ठरला. त्याला अटक मी केली होती. पुढे तिशीतच मी खात्याचा राजीनामा दिला, तरी हे प्रकरण डोक्यातून जात नाही.

फिर्याद मालकाची. बी टाकण्याआधी जमिनीतले कृमी मारायला तो हातपिचकारीनं मातीत औषध सोडायचा. ते आत वायू होऊन पसरतं. पुढचे चार दिवस तिकडे नुसतं फिरकलं तरी डोळे झोंबतात. यंदा दुसऱ्याच दिवशी झोंबणं बंद.

"यानं औषध विकलं अन् पिचकारीत पाणी भरलं," मालक म्हणाला. मला पटलं. पंचनाम्यात उरलेल्या दोन औषधांचा एकेक डबा जप्त केला. कोर्टानं दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली.

"कोणाला विकलं?" मी मजुराला खडसावलं.

"कोणालेच नाही जी. मालकानं सांगतलं तसंच केलं. दोन्ही औषधं एका डब्यात ओतली, मंग पिचकारीत भरली."

'मालकानं सांगितलं' हे दर दुसरा आरोपी म्हणतो. जबाबात ते वाक्य मी घेतलंच नाही. माझी चूक, लेखनिकाची नव्हे.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको भाकर घेऊन आली. तीही त्याच कामावर होती.

"त्याले काहून डांबलं साहेब?"

"औषधात पाणी घातलं म्हणून."

"पाणी? अवं माय. डबा इतका तापला होता का हातात धरवे ना. मी फडकं ओलं करून देल्लं त्याले. पाण्यानं डबा तापते का? तुमच्या ठाण्यातला माठ तापते का?"

हवालदार हसला. मला हसू आलं नाही. खरंच, डबा तापला कशानं?

जप्तीतले दोन्ही डबे घेऊन मी नागपूरला शेतकी रसायनं शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी दोन्ही औषधं तपासली: अस्सल, पाण्याचा थेंब नाही. मग थोडी थोडी एकत्र केली. बाटली तापली. तासाभरानं पुन्हा तपासलं, तर दोन्हींचा जोर बराच उतरलेला.

"दोन्ही खरी आहेत," ते म्हणाले, "पण एकत्र आली की एकमेकांनाच संपवतात. कृमींसाठी काय उरणार? बंद डबा फुटला नाही हे नशीब समजा."

मालकाला बोलावलं. आधी तो उडवाउडवी करत राहिला. मग म्हणाला, "मीच सांगतलं एकत्र करायले. एक औषध इतकं मारते, तं दोन दुप्पट मारतील. अन् पिचकारीची एक फेरी वाचते."

"फिर्यादीत हे का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

मजूर सुटला. कामावर मात्र त्याला परत घेतलं नाही, आणि गावात तो औषधचोरच राहिला. दोन्ही डबे मी उलटेसुलटे करून पाहिले. 'दुसऱ्या औषधात मिसळू नका' असं मराठीत एक ओळही नव्हती. ती ओळ गाळणाऱ्यावर गुन्हा नोंदवायला कलम सापडलं नाही. जबाबातली ओळ गाळणाऱ्या माझ्यावरही कुणी नोंदवला नाही.

त्यातून शिकलो ते एवढंच: आरोपीचं रोजचं, ऐकून कंटाळा आलेलं वाक्यही लिहून घ्यावं.

आता तुम्ही. दोन औषधं एकत्र चालतात असं दुकानदार म्हणाला, तर त्याच्याकडून तसं सहीनिशी लिहून घ्या. लिहून देत नसेल तर डबा तिथेच ठेवून या. आणि पीक बिघडल्यावर मालक मजुराकडे बोट दाखवत असेल, तर चारचौघांत मालकालाच विचारा: मिसळायला सांगितलं कोणी?