राग कमी झाल्याचा पुरावा

माझा राग नवऱ्याला झेपेनासा झाला, तेव्हा त्यानेच मला दहा दिवसांच्या मौन शिबिराला धाडलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकमध्ये मी शाळेत शिकवायचे आणि नातेवाइकांत तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होते. शिबिरात बुद्धाने सांगितलेलं ध्यान शिकले. श्वास पाहायचा, अंगात जे उठेल ते पाहायचं, आहे ते नाही म्हणायचं नाही.

घरी आल्यावरही सकाळ-संध्याकाळ तासभर बसू लागले. आदळआपट थांबली. नवरा आल्यागेल्याला मला दाखवायचा, नवा फ्रिज दाखवावा तसा.

त्यातच आमच्या शिक्षणसंस्थेने मला मनमाडच्या शाळेत मुख्याध्यापिका व्हाल का म्हणून विचारलं. मी उत्तर देण्याआधीच नवऱ्याने अध्यक्षांना परस्पर कळवून टाकलं, "तिला रोजची गाडी झेपणार नाही." मी ओरडले नाही. पण ध्यानाला बसले की कानशिलं तापायची. महिनाभर रोज हेच चाललं होतं.

मग मानसशास्त्राची एक संशोधक मुलगी घरी आली. ध्यानाने राग कमी होतो का, याचा ती अभ्यास करत होती. एक फॉर्म माझा, एक घरच्यांचा. गेल्या महिन्यात किती वेळा राग आला? मी लिहिलं, रोज. नवऱ्याने लिहिलं, एकदाही नाही.

मुलगी गोंधळली. "मॅडम, दोन्हींत एवढा फरक कसा?"

"माझंच धरा," नवरा हसला. "हिच्याबरोबर राहतो मी. बदल मला कळतो."

"राग माझा आहे," मी म्हणाले. "तो आला की नाही, हे तुम्ही कसं सांगणार? आणि तू माझं उत्तर खोडू नकोस गं. तुझा निष्कर्ष बिघडला तर बिघडू दे."

नवऱ्याचा चेहरा उतरला. "म्हणजे ध्यान फुकटच गेलं म्हणायचं."

"फुकट कशाला? पूर्वी मी ओरडायचे आणि तासाभरात विसरायचे. त्यावर तुमचं भागत होतं. मनमाडचं मी विसरलेले नाही."

मुलीने दोन्ही फॉर्म होते तसेच पिशवीत ठेवले. मी तिला चहा दिला, साडी बदलली आणि तिच्याबरोबरच बाहेर पडले. अध्यक्षांना जाऊन सांगितलं, "तो नकार माझा नव्हता." जागा अजून रिकामी होती.

पुढची नऊ वर्षं मी रोज त्या गाडीने गेले. जाताना डोळे मिटून बसायचे, कधी शांत, कधी चांगलीच रागात.