शेवटून दुसरा

फोन आला तेव्हा मी आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात, डोक्यावरची जाळीची टोपी न काढताच जेवणाच्या रांगेत उभा होतो. सईचा फोन. माझ्या आतेभावाची, अविनाशदादाची मुलगी. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते इथल्या कॉर्क शहराच्या हेलातलं इंग्रजी. त्या दिवशी मात्र म्हणाली, "काका, बाबा गेले." एवढंच, मराठीत… त्यावरूनच कळलं की आता विचारण्यासारखं काही उरलेलं नाही.

दादा इथल्या एका कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळायचा. उंची सहा फूट, या एकाच गुणावर त्याला कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा कोच केलं. दोन मोसम संघ हरला. मग त्याने माझं नाव सुचवलं. मी पाच फूट चार इंच, पण 'शाळेत असताना खेळायचो' हे मी घरच्या कार्यांत जरा जास्तच वेळा सांगितलं होतं. मी तीन मोसम शिट्टी घेऊन उभा राहिलो. आमच्या हिच्या मते पोरं समोरच्या संघापेक्षा त्या शिट्टीलाच जास्त घाबरायची.

मग दादाला नाद लागला. कॉलेजचे जुने वार्षिकांक चाळून त्याने आजवरचे सगळे अपयशी कोच शोधले आणि एका जाड वहीत त्यांची तुलना मांडली. प्रश्न एकच, सगळ्यांत वाईट कोण? हार पेन्सिलीने लिहायची, जीत शाईने. "हार कमी करता येते रे, कारण सापडलं तर," तो म्हणायचा. लॅटिन शिकवणारे एक पाद्री होते. त्यांच्या काळी हॉलच नव्हता, डांबरावर पावसात खेळायचे, चामड्याचा चेंडू भिजून भोपळ्यासारखा जड. दादाने त्यांच्या निम्म्या हारी खोडल्या. गणिताच्या एका मास्तरांना मोसमभर चारच खेळाडू मिळाले, त्यांनाही सूट. असे सगळे वर वर सरकले आणि तळाशी उरलो आम्ही दोघं. आम्हाला हॉल होता, हलका चेंडू होता, पुरेशी पोरं होती. सबब अशी काहीच नव्हती.

रविवारी दादाकडे पोह्यांवर हाच वाद.

"दादा, शेवटचा मीच. मान्य कर."

"गप रे संज्या. तू शेवटून दुसरा. वही सांगते." आणि वही छातीशी धरायचा, बघू द्यायचा नाही.

"हरण्यातसुद्धा नंबर हवाय दोघांना!" वहिनी म्हणायच्या.

मी हसायचो. पण खरं सांगतो, त्या 'दुसरा'वर मी बरीच वर्षं काढली. परक्या गावात माणसाला कुठेतरी शेवटचा नसणं लागतं.

महिन्याभराने वहिनींनी स्वयंपाकघरातला प्रेस उघडला. कपाटाला इथे प्रेसच म्हणतात, आता आम्हीही. आत चहाच्या डब्यामागे वही. "भावजी, ही तुम्ही न्या. आणि शेवटचं कोण ते एकदा मला कळवा."

घरी येऊन मी मोजलं. पहिल्याच पानावर दादाचा नियम होता: समोरचा संघ आलाच नाही, तर ती जीत धरायची नाही. दादाची एकुलती एक जीत तशीच होती, किलकेनीहून येणारी व्हॅन वाटेत बंद पडली होती. ती त्याने शाईची जाड रेघ मारून खोडली होती. माझीही एकच जीत. वादळाच्या दिवशी कोणी आलंच नव्हतं, आम्ही बाकावर बसून सँडविच खाल्ली होती. ती मात्र शाबूत होती, आणि बाजूला दादाच्या अक्षरात: 'आले असते तरी संज्याच जिंकला असता.'

नियमाने दोघेही शून्यावर, आणि माझा एक मोसम जास्त. म्हणजे शेवटचा मीच.

पेन काढलं. माझ्या त्या जितीवर टेकवलं… आणि टोपण लावून ठेवलं. वही आता आमच्या प्रेसमध्ये आहे, आमच्या चहाच्या डब्यामागे.

रविवारी वहिनींचा फोन आला. "मोजलंत का हो? कोण निघालं?"

"दादा," मी म्हणालो. "वही सांगते."