सरांनी खेळ थांबवला नाही

आमच्या यायनं तीस वर्षं फुटबॉल शिकवला, पण मैदानावर यायचा आवाज कोणी ऐकला नाही. घरी मात्र वरणात मीठ कमी पडलं की तिसऱ्या घरी ऐकू जाते. मी शारदा, यायची बायको. पोस्टातून रिटायर झाली, आता कोणाले भीत नाही, म्हणून सांगून राहिली.

यायचं नाव अच्युत. मूळचे तुमसरचे. रेल्वेत लागून रायपूरले आले, रेल्वेच्या टीमकडून खेळले, अन् गुडघा गेला तशी नोकरी सोडून एका शाळेत कोच झाले. चांगली सरकारी नोकरी सोडणारा माणूस आमच्या दोन्ही घरांत हा पहिलाच. माझे बाबा वर्षभर यायच्याशी बोलले नाही. सकाळी शाळा, अन् संध्याकाळी गुढियारी वस्तीतल्या पोट्ट्यांची, म्हणजे मुलींची टीम. कोणाचा बाप मालधक्क्यावर हमाल, कोणाची माय पंडरीच्या कापड बाजारात साड्यांच्या घड्या घालते.

शिकवायची रीत मुलखावेगळी. शनिवारी साऱ्या पोट्ट्या सोन्याचांदीच्या सदर बाजारात न्यायचे. गाड्या, हातठेले, गिऱ्हाइकं, त्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत भराभर चालायचं. कोणाले धक्का लागला की परत पहिल्यापासून. सोनार लोक शिव्या घालत. मान वर ठेवून चालता आलं की मान वर ठेवून खेळता येते, असं यायचं म्हणणं. अन् मॅच सुरू झाली की तोंडाले कुलूप. मी म्हणायची, "अहो, हरून राहिल्या न पोट्ट्या, काही तरी सांगा त्यायले." तर म्हणे, "मी सांगितलं तर माझं डोकं चालते. त्यायचं कधी चालन?"

हरायच्याही तशाच. घरात एक कप नाही. कपाटाच्या काचा पुसून पुसून माझे हात झिजले, आत चहाचे कप.

नाही म्हणायले यामिनी निघाली. गुढियारीच्या पहिल्या पोट्ट्यांतली. राज्याकडून खेळली, अन् आता कोच लोकांचीच परीक्षा घेते. तिच्याबद्दल बोलताना यायची छाती फुगते.

मागच्या वर्षी नियम निघाला, लायसन नसलेल्या कोचले नव्या लीगमध्ये बेंचवर बसता येणार नाही. यायच्याजवळ कुठचं लायसन. अन् पोट्ट्या पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या लीगमध्ये खेळणार होत्या. बासष्टाव्या वर्षी यायनं फॉर्म भरला. "त्यायच्या जवळ बसलो पाहिजे मी. बाकी काही नको," म्हणाले. लग्नापासून यायनं काही मागितलेलं मले तरी आठवत नाही.

परीक्षा अशी, की वीस मिनिटं आपल्या पोट्ट्यांकडून सराव करून घ्यायचा. चूक दिसली की खेळ थांबवायचा अन् ती सुधारून दाखवायची. पाहणारे तिघं, त्यात एक यामिनी. आपलेच दात अन् आपलेच ओठ. आदल्या दिवशी घरी येऊन पाया पडली अन् म्हणाली, "सर, कम से कम तीन बार रोकना है. सिर्फ तीन बार."

ती गेल्यावर मी यायले स्वयंपाकघरात उभं केलं. म्हटलं, म्हणा, थांब. कुकरकडे पाहून तीनदा म्हणाले बिचारे.

दुसऱ्या दिवशी मी कुंपणाजवळ उभी. निधी नावाची आमची एक पोट्टी आहे, ती चेंडू घेऊन दर वेळी उजवीकडेच शिरून अडकून राहिली होती. यायनं हात वर केला. मले वाटलं, सुटलो बापा. तेवढ्यात निधी आपल्या मनानंच थबकली, मान वर करून पाहिलं, अन् चेंडू डावीकडच्या मोकळ्या पोट्टीले दिला. यायनं हात खाली घेतला. अन् हसले. वीस मिनिटं संपली, खेळ काही थांबला नाही. यामिनी खाली कागदाकडे पाहत होती.

नापास. तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती. "हव बेटा, तू बरोबरच लिहिलं," हे म्हणाले. मले यायचा राग आला, तिचा आला, नियमाचा तर आलाच. एकदा थांब म्हणायले काय जात होतं? फिरून परीक्षा वर्षानंतर, अन् लीग तर पंधरा दिवसांवर.

बेंचवर शेखर आला. चोवीस वर्षांचा, लायसनवाला. पोट्टा वाईट नाही, यायच्या पाया पडूनच बसला. आम्ही दोघं दोरीमागं. शिट्टी झाली तसा त्याचा जो आवाज सुरू झाला, "निधी, दाएँ! निधी, पीछे!", तो शेवटपर्यंत. चेंडू पायात आला की पोट्ट्या आधी बेंचकडे पाहत. निधी गोलसमोर एकटी होती, तरी तिनं शेखरकडे पाहिलं. तो "मार" म्हणाला, मग मारला. गोल झाला. तीन-शून्यानं जिंकल्या. गुढियारी तीन गोलांनी कधीच जिंकली नव्हती.

पोट्ट्या धावत आमच्याकडे आल्या. "सर, जीत गए सर." यायनं एकेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

आम्ही ऑटोत बसलो. मग हे म्हणाले, "शारदा, म्हणजे इतके दिवस पोट्ट्या माझ्यापायी हरून राहिल्या होत्या काय?"

मले तर तीस वर्षं तेच वाटत होतं. तरी मी म्हटलं, "नाही." यायनं माझ्याकडे पाहिलं, अन् यायले समजलं की मी खोटं बोलून राहिली.