आमच्या मापाचं मैदान
चुन्याच्या फक्कीचा वास आला की जोगेश्वरीतली कबड्डीची ती फायनल आठवते. मी गावाहून कॉलेजसाठी नुकतीच आले होते. मैदान पुरुषांच्या मापाचंच आखलेलं होतं. "आज यातच खेळा ना," आयोजक म्हणाले. "मुलींचं मैदान लहान असतं. आखा, तरच खेळू," म्हणत आमची कर्णधार मधल्या रेषेवर बसली. "मग मुलींचा सामनाच रद्द!" आयोजक चिडले. तेवढ्यात समोरच्या संघाची कर्णधार तिच्याशेजारी येऊन बसली. "सरक गं, आम्हीपण बसतो!" बघता बघता आम्ही चौदाही जणी बसलो आणि प्रेक्षकांनी टाळ्या सुरू केल्या. शेवटी मैदान आखणारे काका फक्कीची बादली घेऊन आले. "उठा पोरींनो, दोरी धरा!" आम्ही धावलोच. सामना दोन गुणांनी हरलो, तरी फोनवर मी ओरडले, "आई, आमच्यासाठी मैदान नव्याने आखलं!" काकांचे आभार मानायचे तेव्हा राहिले, ते आज मानते.