लाल चौकटीतलं नाव

कंधारच्या रुक्मिणबाईंनी चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. बँकेत, दवाखान्यात कोणी विचारलं, की त्या लेकीला कोपरानं ढोसायच्या, "तू सांग गं." मागच्या मार्गशीर्षात अर्जुनराव गेले, पण नाव काही तोंडावर आलं नाही. माणूस गेला म्हणून रीत जाते थोडीच!

अर्जुनराव शाळामास्तर होते, गळ्यानं गोड. निवृत्तीनंतर त्यांनी कॉम्प्युटर घेतला, त्यात सात अभंग गाऊन ठेवले आणि त्या फोल्डरला हौसेनं स्वतःचंच नाव दिलं. ते गेल्यावर रुक्मिणबाई रोज दुपारी भांडीकुंडी आवरून, तीनच्या सुमाराला त्यातला एक अभंग ऐकायच्या. सात वार, सात अभंग. बाईंचा दिवस तेवढ्यावर उभा होता.

लेक वर्षाराणी विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनियर झालेली, आता लातूरला नोकरीला. आवाज जपावा म्हणून तिनं मशीनमध्ये अँटीव्हायरस घालून दिला, तोही मराठीतला. "लई सोपं हाय, आई. रोज तीनला ते आपलं आपण तपासतंय. हिरवं दिसलं की झालं. लाल आलं की 'काढून टाका' दाबायचं. तुला दुसरं काही कळायची गरजच न्हाई."

मग पुतण्या बालाजी वर्षश्राद्धाला लावायचे म्हणून अभंग पेनड्राइव्हमध्ये घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी तीन वाजता मशीन घुमायला लागलं आणि पडद्यावर लाल चौकट आली. 'धोका सापडला : अर्जुनराव.' खाली दोन बटणं. 'काढून टाका.' 'ठेवा.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांनी लातूरला फोन लावला. वर्षाराणी कामाच्या गडबडीत होती.

"नाव कशाचं दाखवून राहिलंय?"

ते नाव बाई कशा घेणार? "घरातलंच हाय."

"आपलंच काही असंल तर 'ठेवा' दाब." फोन बंद.

बाईंनी 'ठेवा' दाबलं. नवऱ्याला हाकलून द्यायचं बटण कोणती बाई दाबेल?

दुसऱ्या दिवशी फोल्डरमध्ये अर्जुनराव दोन होते. त्याच्या पुढच्या दिवशी चार. बाईंनी एक उघडून पाहिला. पडदा पापणी लवल्यासारखा एकदा काळा झाला आणि पुन्हा आला, आवाज मात्र नाही. नुसता पंखा घुमत होता, जवळ कोणी बसून श्वास घ्यावा तसा. भर दुपारी, लख्ख उन्हात त्यांच्या अंगावर काटा आला. दहाव्याला कावळा तर चटकन शिवला होता, इच्छा काही राहिली नव्हती. मग आता हे काय मागून राहिले? त्यांनी चहाचा दुसरा कप करून मशीनशेजारी ठेवला. नंतर तो रोजच ठेवू लागल्या. भीती वाटत होती, खोटं कशाला बोला, पण वाट पाहायला कोणीतरी आहे हे बरंही वाटत होतं.

रोज तीनला मशीन नव्यानं विचारायचं आणि बाई 'ठेवा' म्हणायच्या. सोमवारचा अभंग उघडेना. मग मंगळवारचा, मग बुधवारचा. चौसष्ट अर्जुनराव झाले, पण गाणारा एकही उरला नाही. तेव्हा मात्र बाई फोनवर हमसून रडल्या.

"आई, रडू नको. त्या लाल चौकटीत काय लिवलंय तेवढं वाच. नाव सांगितल्याशिवाय मला इथून काय कळंल?"

बाईंनी दाराकडं पाहिलं. घरात कोणी नव्हतं. डोक्यावरचा पदर पुढं ओढून त्या म्हणाल्या, "अर्जुनराव."

वर्षाराणी हळू बोलली, "आई, ते आण्णा न्हाईत गं. आण्णाचं नाव घेऊन दुसरंच काहीतरी घरात शिरलंय. तू त्याला ठेवत गेलीस आन् ते खऱ्याला खात गेलं. आता सगळे काढ."

रुक्मिणबाईंनी डोळे मिटून बटण दाबलं. चौसष्टचे चाळीस झाले, दहा झाले, मग कोणीच नाही. पडदा हिरवा झाला. 'सर्व ठीक आहे,' असं मशीननं सांगितलं. त्याचं काय गेलं होतं सांगायला!

वर्षाराणीनं लातूरहूनच मशीनमध्ये शिरून तासभर शोधलं. सातांतला एकही हाती लागला नाही, बालाजीच्या पेनड्राइव्हवरही नाही; ते तर तिथूनच घरात शिरलं होतं. वेगळ्या कोपऱ्यात एक तुकडा तेवढा वाचला होता, पहिल्या दिवशी माईक कसा चालतो ते बघायला आण्णांनी भरलेला. तो कोणीच कधी ऐकला नव्हता. "ऐकून घे, आई," म्हणून तिनं फोन ठेवला.

बाईंनी तो लावला. आधी खरखर, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग अगदी कानाशी अर्जुनराव बोलले, "अगं, ऐकून राहिलीस का?"

आणि ते थांबले. त्या दिवशी बाई मागच्या अंगणात धुणं धूत असतील. त्यांनी उत्तर दिलं नसेल. तुकड्यात नुसती शांतता चालू होती, कोणीतरी वाट पाहत असल्यासारखी.

"हाव," रुक्मिणबाई म्हणाल्या. "ऐकून राहिले, अर्जुनराव."

"बरं," आतून आवाज आला, आणि ते गायला लागले.