प्रूफकाकांचे शब्द

नव्या माणसाला संगणकापुढे बसवलं की प्रूफकाका स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून त्याच्या मागे उभे राहत. तो अडला, विचारायला मागे वळला, तरी बोट हलायचं नाही. मग वहीत काहीतरी टिपून घेत. "तो चुकला नाही, आपला शब्द चुकला," एवढंच म्हणत.

गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी उभा जन्म प्रुफं तपासली. तो बंद पडल्यावर माझ्या काळाचौकीच्या गाळ्यात आले. मी कागदाची रिमं वाहत वर आलेला माणूस, छापखान्यांचं दुखणं मला ठाऊक. एका पुस्तकावर चार जण काम करतात आणि शेवटी खरी प्रत कोणती ते कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी मी सॉफ्टवेअर बनवून घेत होतो. प्रत्येक बदल जपणारं, तो कुणी केला ते सांगणारं, हवं तेव्हा जुनी प्रत परत देणारं. काकांनी फक्त माहितीपुस्तिकेचं शुद्धलेखन बघायचं होतं.

"शेठ, बदल जपायच्या आज्ञेला हे 'कमिट' कुणाला कळणार?"

"जगभर हेच चालतं, काका."

"जग लालबागला कामाला येत नाही. आणि पुढे पाठवायला 'पुश'? ते बँकेच्या दारावर असतं."

पुस्तिका बाजूला राहिली आणि काका आज्ञांची नावं शोधायला लागले. परळ, प्रभादेवीच्या कचेऱ्यांत जाऊन टायपिंग करणाऱ्या बायकांशेजारी स्टूल टाकून बसायचे. त्या आपसात काय बोलतात ते लिहून आणायचे. 'जपून ठेव', 'कुणी बदललं', 'दोन्ही जुळव'. एकदा मला म्हणाले, "जुनं नुसतं बघायचं असेल तर त्या 'कालचं दाखव' म्हणतात. हवंच असेल तर 'परत आण'. तू दोन्हीला एकच आज्ञा ठेवलीयस." एवढ्यासाठी त्यांनी अकरा दिवस घालवले होते. मी ओरडलो. त्यांनी चहा मागवला.

एका गोष्टीवर मात्र ते अडून बसले. परत आणताना दुसऱ्याचं काम पुसलं जाणार असेल, तर पडद्यावर त्याचं नाव आलं पाहिजे आणि 'त्यांना विचारलंत का?' असा प्रश्न आला पाहिजे.

"काका, हे सॉफ्टवेअर आहे, सोसायटीची मीटिंग नाही."

"छापखान्यात दुसऱ्याच्या प्रुफावर हात टाकायचा तर आधी त्याला हाक मारायची. पद्धत आहे ती."

पुढे एक मोठं प्रकाशन गिऱ्हाईक म्हणून आलं. त्यांच्या साहेबाला सगळीकडे चालतात तशा इंग्रजी आज्ञा हव्या होत्या, आणि प्रश्न वगैरे काही नको. मी दीड तास घासाघीस केली, किंमत वाढवून घेतली आणि बदल्यात काकांचे शब्द काढून टाकले, तो प्रश्नही. काका त्या दिवशी रजेवर होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी संगणक उघडला. सगळे बदल दिसत होते आणि प्रत्येकापुढे माझं नाव.

"मला हाक मारायची होतीस," ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "गाळा माझा, धंदा माझा. तुम्ही पगारी माणूस."

त्यांनी वही पिशवीत घातली, "बरं," म्हणाले आणि गेले. मी आयुष्यभर भांडून सौदे केले. समोरचा चार शिव्या घालतो, उठतो, दारातून परत येतो. हा माणूस परत आलाच नाही.

चार महिन्यांनी त्या प्रकाशनातल्या एका बाईंचा रडत फोन आला. स्वतःचं एक पान परत आणायला गेल्या आणि शेजारणीचं आठवड्याचं काम पुसलं गेलं. आज्ञा कळली नव्हती, आणि विचारणारं कुणी नव्हतं. त्या साहेबाशी भांडून मी काकांचे सगळे शब्द परत घातले, तो प्रश्नसुद्धा. आणि त्यांच्या चाळीत गेलो. जिना चढताना मनात ठरवत होतो, किती नमायचं, किती नाही.

दार काकींनी उघडलं. "आता इलात?"

भिंतीवर काकांचा फोटो होता, हार घातलेला. महिना होऊन गेला होता. हृदयाचं दुखणं, काकी म्हणाल्या. मला कुणी कळवलं नव्हतं.

"मी म्हणायचे, तुम्हीच करा फोन," त्या म्हणाल्या. "तर म्हणायचे, शेठनेच शिकवलंय, आधी फोन करेल त्याचा भाव पडतो. हसायचे. पण फोन वाजला की आधी नाव बघायचे."

हे मी त्यांना शिकवलं होतं, खरं आहे. चहा पिता पिता, मोठ्या ऐटीत.

"ते शब्द घातलेत काय परत?" काकींनी विचारलं.

"घातले."

"त्यांका सांगूक होयां होता."

आता त्या बायका पडद्याकडे बघून आपसूक हवी ती आज्ञा देतात. हे शब्द कुणी शोधले ते त्यांना माहीत नाही. मी आधी फोन करायला हवा होता, मान्य आहे. पण एकदा, एकदाच, त्यांनी केला असता तर काय जात होतं त्यांचं? माझा राग अजून गेलेला नाही.